अब्दुलभाईंनी लपवलेला तडा

नागापूरच्या एमआयडीसीत अब्दुलभाई प्लॅस्टिकच्या कारखान्यात मोल्डिंग मशीन चालवतात. मिसरूड फुटायच्या वयात कामाला लागले, आता दाढी पिकली. बादल्या, बरण्यांची झाकणं, नळ्यांचे जोड असा माल त्यांच्या हाताखालून जातो. बोल्हेगावात त्यांच्या गल्लीत कोणाचं काही फुटलं की तो तुकडा आधी अब्दुलभाईंकडे येतो. ते तो उजेडाकडे धरतात आणि सांगतात, हे उन्हानं कडक होऊन फुटलं, हे पडून फुटलं, हे कोणीतरी जोर करून फोडलं. सांगताना आवाजात जरा मास्तरकी येते. बायको म्हणते, "आले डॉक्टर." त्यांना ते आवडायचं.

त्यांची थोरली मुलगी कैनात नेवाशाला दिली आहे. जावई उझैर टेम्पो चालवतो. घराचा कारभार विहीणबाईंकडे, म्हणजे शकिलाआपांकडे. शकिलाआपांच्या हातच्या शेवयांचं नाव आहे. रमजान जवळ आला की त्यांच्या अंगणात काठ्यांवर शेवया वाळत असतात. गल्लीतली माणसं, मुसलमान असोत की मराठे, आपापला गहू आणून देतात आणि शेवया घेऊन जातात. ज्याचा गहू त्याच्याच शेवया, इकडचं तिकडं होऊ द्यायचं नाही. आपा म्हणतात, "लोकांची अमानत आहे ती."

त्या घरात बोअरचं पाणी. भांड्यांवर पांढरे डाग, चहावर साय आल्यासारखा तवंग. लेकीच्या सासरी आपल्या हातानं काहीतरी करून द्यावं असं अब्दुलभाईंच्या मनात होतंच. हिवाळ्यात एका सुट्टीच्या दिवशी ते पाण्याचा फिल्टर घेऊन नेवाशाला गेले. साधा फिल्टर, भिंतीला लावायचा. वर टोपी, टोपीच्या दोन्ही बाजूंना नळीसाठी तोंडं, आणि खाली आट्यांवर फिरवून बसवायचा लांबट बाउल.

"प्लंबरला बोलावू का?" शकिलाआपांनी विचारलं.

"प्लंबर मला काय शिकवणार, आपा? माझी सगळी हयात प्लॅस्टिकमध्ये गेली."

सगळं घर बघायला उभं राहिलं. शेजारच्या छबूबाईसुद्धा पदर खोचून दारात आल्या. अब्दुलभाईंनी फिल्टर ओट्याजवळच्या भिंतीला लावला, नळी जोडली, पाणी सोडलं. तोंडापाशी एक थेंब जमला आणि टपकन पडला. त्यांनी खोललं, टोपीच्या तोंडात फिरवून बसवायच्या पितळी निपलवर पांढऱ्या टेपचे आणखी वेढे दिले, पुन्हा बसवलं. पुन्हा थेंब. उझैर म्हणाला, "राहू द्या अब्बा, नंतर बघू." तो सहज म्हणाला होता, पण अब्दुलभाईंच्या कानशिलाला ऊन लागल्यासारखं झालं. त्यांनी टेपची जाड गुंडाळी केली, पिशवीतून मोठा पाइप पाना काढला आणि निपल आवळत नेलं. आवळलं, आणखी आवळलं.

कट् असा आवाज आला. वाळकी काडी मोडावी एवढाच.

दुसऱ्या कोणाला त्यातून काही कळलं नसतं. अब्दुलभाईंना कळलं. प्लॅस्टिकच्या तोंडात पितळ घुसवताना टेप जास्त झाली आणि वर पान्याचा जोर पडला की तोंड आतून फाकतं. कधी त्याच दिवशी फुटतं, कधी महिन्यांनी. त्यांनी हे पोरसवदा कामगारांना कितीदा शिकवलेलं. पण त्या जाड टेपनं तेवढ्यापुरता थेंब थांबला होता.

"बघा, झालं की!" शकिलाआपा म्हणाल्या. "जाणता माणूस घरचा असला की असं असतं."

तेव्हा बोलायचं होतं. 'आपा, हे माझ्या हातून तडकलंय, पुढच्या खेपेला नवी टोपी आणतो,' एवढं एकच वाक्य. अब्दुलभाईंनी फडक्यानं टोपी पुसली, हसले, आणि चहा प्यायला बसले. मनात म्हणाले, नवी टोपी आणून गुपचूप बदलून टाकू. मग कारखान्यात मालाची घाई निघाली, मग बायकोचं गुडघ्याचं दुखणं, आणि ते राहून गेलं. राहून गेलं असं ते स्वतःला सांगत होते. खरं तर बदलायला गेलं की का बदलता हे सांगावं लागणार होतं.

मधल्या काळात उझैरनं वरच्या मजल्यावर न्हाणीघर काढलं आणि टाकीचं पाणी तिथं जोरानं येईना म्हणून प्रेशर पंप बसवला. नळ उघडला की पंप आपोआप सुरू, बंद केला की दणका देऊन बंद. प्रत्येक दणका त्या टोपीवर बसत होता.

एक दिवस कैनातचा फोन आला.

"अब्बा, फिल्टरच्या वरच्या तोंडातून थेंब थेंब गळतंय. मी खाली वाटी ठेवलीय."

"गळत नाही ते. नव्या फिल्टरला घाम येतो."

"घाम एकाच जागी येतो का, अब्बा?"

"माझ्यापेक्षा तुला जास्त कळतं का?" अब्दुलभाई एकदम चिडून बोलले. "फडकं गुंडाळून ठेव."

 ती "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला.

रमजान तोंडावर आला होता. नेवाशाच्या त्या घरात शेवयांचे डबे भरून गेले, म्हणून उरलेल्या शेवया जुन्या लुगड्यांच्या गाठोड्यांत बांधून मधल्या खोलीत जमिनीवर ओळीनं ठेवल्या होत्या. कुठल्या रंगाचं गाठोडं कोणाचं हे आपांना तोंडपाठ. त्या दिवशी सगळे घोडेगावला लग्नाला गेले. कैनातनं शेवटी ओटा आवरला आणि कुलूप लावलं. दिवसभर घर बंद. टोपीचं तोंड दुपारी केव्हातरी पुरतं फाकलं. पाणी सुटलं म्हणून पंप चालू झाला, आणि वरची टाकी रिकामी होईपर्यंत चालूच राहिला. संध्याकाळी दार उघडलं तर उंबऱ्यावरून पाणी बाहेर आलं.

उझैरचा फोन आला तेव्हा अब्दुलभाईंनी फक्त "सकाळी येतो" म्हटलं.

सकाळी ते पोचले. अंगणात शेवयांचा ढीग पडला होता. शेवया कसल्या, लगदा. कोंबड्या त्यात चोची मारत होत्या आणि त्यांना कोणी हाकलत नव्हतं. शकिलाआपा ओली लुगडी पिळून दोरीवर टाकत होत्या.

"अब्दुलभाई, हे कशानं फुटलं तेवढं सांगा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला कळतं."

अब्दुलभाईंनी टोपी सोडवून हातात घेतली. तडा आट्यांपासून निघून सरळ खाली आला होता, आणि त्याच्या काठाला पाण्याचा पांढरा क्षार धरला होता. आदल्या दिवशीचा तडा असा दिसत नाही. तो जुना होता. पान्याचा होता.

"धक्का लागलेला दिसतो," ते म्हणाले. "हंडा, कळशी... उचलताना लागली असेल."

शकिलाआपांनी मान वळवली. "ओट्यापाशी शेवटी कोण होतं?"

"मी," कैनात म्हणाली.

"हंडा लागला का तुझा?"

कैनातनं वडिलांकडे बघितलं. अब्दुलभाई टेपचं टोक शोधत होते. टेपचं रीळ त्यांनी हातात उगाच फिरवलं, पुन्हा फिरवलं.

"लागला असेल, अम्मी," कैनात म्हणाली. "घाईत होते मी."

आपांनी पिळलेलं लुगडं पुन्हा पिळलं. 

अब्दुलभाईंनी येताना आणलेली नवी टोपी बसवली. या वेळी टेपचे मोजकेच वेढे, निपल हातानं जेवढं फिरेल तेवढं, आणि पान्याचा अगदी हलका हात. बाउल तर नुसत्या हातानंच. कैनात फडकं घेऊन जवळ उभी होती. ती हळूच म्हणाली, "आज मोठा पाना नको का?"

"नको," ते म्हणाले. मान वर केली नाही.

फुटकी टोपी त्यांनी पिशवीत घातली. दुसऱ्या दिवशी कारखान्यात खराब माल दळायच्या ग्राइंडरपाशी कोणी नाही असं बघून तिच्यातलं पितळ काढलं आणि टोपी आत टाकली. यंत्र खडखडलं आणि खाली दाणे पडले. त्या पोत्यात पुष्कळ दाणे होते. त्यांचे कुठले ते आता कोणाला ओळखू येणार नव्हते. त्यांना वाटलं होतं सुटल्यासारखं होईल. तसं काही झालं नाही. दिवसभर कोणी हाक मारली की ते दचकत होते.

रोजे सुरू झाले. एका दुपारी माळीवाड्याच्या बस स्टँडवर अब्दुलभाईंना छबूबाई भेटल्या. सावेडीत मुलाकडे राहून त्या नेवाशाला परत निघाल्या होत्या. त्यांच्याही गव्हाच्या शेवया त्या पाण्यात गेल्या होत्या.

"तुमची लेक आल्ती आमच्याकडं," छबूबाई म्हणाल्या. "सासूसंगं घरोघर फिरली बिचारी. हात जोडून म्हनली, माज्या हातनं झालं. मी म्हनलं, अगं जाऊ दे, तर रडाया लागली. पोर लई गुनाची हाय. पर जरा धांदरट, न्हाई का? आता आपा तिला शेवयांच्या मशिनीला हात लावू देत न्हाईत. बायका चेष्टा करत्यात. म्हनत्यात, कैनात, तू लांब बस बाई."

अब्दुलभाईंचं तोंड रोजानं कोरडं पडलं होतं. छबूबाई उत्तराची वाट बघत होत्या. कोणी बोललं की माणूस काहीतरी बोलून जातो, तसं त्यांच्या तोंडून निघून गेलं, "हो, लहानपणापासून घाई फार तिला."

गाडी लागली, छबूबाई चढल्या. अब्दुलभाई तिथंच उभे राहिले. हंड्याचं खोटं बोलले तेव्हा विहिणीसमोर अडकले होते, असं तरी म्हणता येत होतं. आता तर कोणी अडवलं नव्हतं, कोणी जाबही विचारला नव्हता. रोजा धरून, भर स्टँडात, स्वतःच्या मुलीला त्यांनी स्वतःहून धांदरट ठरवलं होतं. आणि कैनात कधीच तशी नव्हती. दप्तर आदल्या दिवशी भरून ठेवणारी मुलगी ती.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. कट् आवाज, घामाचं, ग्राइंडरचं, स्टँडवरचं. बायको फळं चिरत होती. तिची सुरी थांबली.

"मला कशाला सांगता?" ती म्हणाली. "जिथं सांगायचं तिथं जाऊन सांगा." आणि पुन्हा फळं चिरायला लागली.

सुट्टी आली तसे ते नेवाशा फाट्याला उतरून रिक्षानं गावात गेले. पिशवीत घरात जादा असावी म्हणून एक नवी टोपी घेतली होती, पंपाच्या दणक्याला जरा आवर घालणारा व्हॉल्व्हही घेतला होता. अंगणात गल्लीतल्या बायका जमल्या होत्या. ज्यांच्या शेवया गेल्या त्यांनी पुन्हा थोडा थोडा गहू दिला होता आणि नवा घाणा चालू होता. छबूबाई काठ्या लावत होत्या. कैनात भिंतीला टेकून, सगळ्यांपासून लांब, कणकेची रिकामी भांडी घासत बसली होती.

अब्दुलभाईंनी सलाम केला आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "आपा, फिल्टर कैनातच्या हातून फुटला नाही. बसवतानाच माझ्या हातून तडकला होता. मला माहीत होतं."

मशीन थांबलं. शकिलाआपांनी त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांचा चेहरा मवाळ झाला आणि त्या म्हणाल्या, "बसा भाईजान. उन्हातून आलात."

"मी खरं सांगतोय."

"बापाचं काळीज आहे," एक बाई दुसरीला म्हणाली. "लेकीवर पांघरूण घालाया आले."

"तसं नाही. ती टोपी बघितली असती तर तुम्हालाही कळलं असतं, तडा जुना होता."

"मग दाखवा की," शकिलाआपा म्हणाल्या.

"नाही माझ्याकडे." अब्दुलभाईंनी खाली बघितलं. "कारखान्यात दळून टाकली."

बायका एकमेकींकडे बघून हसल्या, पण ते हसू चांगलं होतं, आदराचं होतं, आणि तेच त्यांना सोसवेना. छबूबाई म्हणाल्या, "अवं भाऊ, परवाच तर तुमी मला स्टँडावर म्हनला, लहानपनापासनं घाई हाय तिला."

कैनातनं भांडं खाली ठेवलं. वडील असं म्हणाले हे तिला तेव्हाच कळलं.

"तेही खोटं होतं," अब्दुलभाई म्हणाले.   ते अंगणाच्या फरशीवर बसले, पिशवीतून नवी टोपी काढली, पितळी निपल काढलं, त्यावर टेपची तशीच जाड गुंडाळी केली. टोपी दोन्ही गुडघ्यांत धरली आणि मोठ्या पान्यानं आवळायला लागले. बायका बघत राहिल्या. कोणीतरी म्हणालं, "नवी वस्तू कशाला मोडताय?" ते आवळत गेले.

कट्.

त्यांनी टोपी शकिलाआपांच्या हातात दिली. "नखानं चाचपून बघा. आटीपाशी रेघ लागेल. आज यात पाणी भरलं तर गळणारही नाही कदाचित. मग रोज पंपाचे दणके खाऊन ती लांबत जाते."

आपांनी अंगठ्याचं नख फिरवलं. ते एका जागी अडकलं.

"हा आवाज मी ऐकलाय," कैनात म्हणाली. सगळ्या तिच्याकडे वळल्या. "त्या दिवशी. मी अब्बांच्या मागंच उभी होते."

"मग बोलली का नाहीस?" शकिलाआपांनी विचारलं.

"काय बोलू, अम्मी? तुम्ही त्यांचं कौतुक करत होता."

आपांनी तडकलेली टोपी खाली ठेवली. मग त्या अब्दुलभाईंना म्हणाल्या, आणि या वेळी भाईजान म्हणाल्या नाहीत, "शेवया गेल्या, त्या पुन्हा होतील. पण मी माझ्या सुनेला दारोदार नेऊन माफी मागायला लावली. ते मी आता कसं मागं घेऊ?"

"मी जातो दारोदार," अब्दुलभाई म्हणाले.

आणि ते गेले. छबूबाई घरं दाखवायला पुढं झाल्या. प्रत्येक दारात त्यांनी तेच सांगितलं, की चूक सुनेची नव्हती, माझी होती, आणि मी ती तिच्यावर जाऊ दिली. एका म्हातारबाबांना ऐकू कमी येत होतं, तिथं मोठ्यानं सांगावं लागलं, आणि रस्त्यावरची माणसं थांबून ऐकायला लागली. एका घरातल्या बाईनं "बरं बरं" म्हणून दार लोटलं. आणखी एका घरात विचारलं, "मग पोरीला का रडवलं?"  पुढच्या दारी जाईपर्यंत ते वाक्य कानात होतं.

परत येऊन त्यांनी पंपाजवळ व्हॉल्व्ह बसवला. फिल्टरची जागाही बदलली. खिडकीतून दुपारचं ऊन सरळ बाउलवर येत होतं, आणि उन्हानं तो ठिसूळ होतो. आता तो मोरीच्या वरच्या भिंतीला, सावलीत लागला, म्हणजे गळला तरी पाणी मोरीत जाईल. फिल्टरच्या आधी एक कॉक लावला. "घर बंद करून जाताना हा फिरवायचा," त्यांनी उझैरला दाखवलं. "आणि एक थेंब जरी दिसला तरी दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. घाम वगैरे काही नसतो." शेवटचं वाक्य त्यांनी खाली बघत म्हटलं.

इफ्तारला शकिलाआपांनी त्यांच्यापुढं खजूर ठेवले. पाहुण्याला ठेवावेत तसेच, पण पहिल्यासारखा आग्रह केला नाही. कैनातनं सरबत दिलं आणि आत गेली. हात धुताना ते तिला एकटीला भेटले.

"माफ कर, बेटा."

कैनात टॉवेल घेऊन उभी होती. "हंड्याचं मी स्वतःच कबूल केलं, अब्बा. तुमची मान खाली जाऊ नये म्हणून. त्याचं काही नाही." ती थांबली. "पण मी फोन केला होता ना. थेंब गळतोय म्हणून सांगितलं होतं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं, आणि तुम्ही मलाच वेडी ठरवलं. ते मला विसरता येत नाही."

"काय करू मी?"

"काही नका करू. थोडे दिवस जाऊ द्या."

ईदला कैनात माहेरी आली नाही. उझैर एकटा येऊन भेटून गेला. शकिलाआपांनी तिला मशीनवर बसवलंय, ईदच्या आदल्या दिवशीचा अख्खा घाणा तिनंच काढला, हे त्याच्याकडून कळलं. बायका आता तिची चेष्टा करत नाहीत. करतात ती अब्दुलभाईंची. उझैरनं ते सांगितलं नाही, पण त्यांना कळलं.

ईदनंतर अब्दुलभाईंनी आपल्या हातानं बसवलेला एकेक फिल्टर तपासायला घेतला. बहिणीकडचा, साल्याकडचा, कारखान्यातल्या दोघांचा. बहिणीकडच्या टोपीला बारीक रेघ निघाली. "ही मीच आवळून फोडलीय," त्यांनी तिथंच सांगितलं आणि बदलून दिली. बहीण म्हणाली, "असू दे रे, कोणाला दिसत होतं?"  कोणाला दिसत नाही म्हणूनच तर सगळं झालं होतं.

पाऊस सुरू झाल्यावर एका रविवारी कैनातचा फोन आला.

"अब्बा, फिल्टरच्या आतली गाळायची कांडी बदलायचीय. बाउल खोललाय. तो काळा रबरी गोल आहे ना, तो कोरडा पडलाय. खोबरेल लावू का?"

"तेल नको. तेलानं रबर फुगतं." ते उठून बसले. "सिलिकॉनचं ग्रीस मिळतं दुकानात, ते बोटावर जरासं घे. मी येऊ का? दुपारची गाडी आहे."

"नको. मी करते. तुम्ही फक्त सांगा."

तिनं उझैरला दुकानात पाठवलं. फोन चालूच ठेवून ओट्यावर ठेवला. अब्दुलभाईंना भांड्यांचा आवाज येत होता, मागून शकिलाआपा काहीतरी विचारत होत्या. ग्रीस आलं. त्यांनी सांगितलं, रबर आधी पुसून घे, खाचेत वाळूचा कण राहू देऊ नको, मग पातळ हात फिरव, पीळ न पडता बसव. ती हूं हूं करत होती.

"बसवला. बाउल हातानं घट्ट केला. आणखी आवळू?"

"नाही. हाताला बास वाटलं की बास. आता कॉक हळूहळू सोड, एकदम नको."

पाण्याचा आवाज आला. मग काही वेळ काहीच नाही. अब्दुलभाई कान लावून बसले होते. कोरडा कागद लावून बघ, असं त्यांना सांगायचं होतं, पण तेवढ्यात तीच म्हणाली, "कागद फिरवून बघितला. कोरडा आहे."

"हं."

"संध्याकाळी पुन्हा बघते," कैनात म्हणाली. "गळलं तर कळवते. आणि तिकडं आपल्या अम्मीच्या गुडघ्याला आता कसं आहे?"

त्यांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि बाहेर ओट्यावर जाऊन बसले.